बायपोलर आजार : पुस्तक कोणते वाचावे?

बायपोलर आजाराचे निदान झाले, की काही दिवसांनी घरची मंडळी हमखास विचारतात, ‘डॉक्टर, याविषयी वाचायला काही मिळेल का?’ हा प्रश्न अगदी योग्य आहे. जन्मभर सांभाळावा लागणारा आजार दहा मिनिटांच्या तपासणीत पुरता समजत नाही.

या आजारात मन दोन टोकांना जाते. उन्मादाच्या काळात झोपेची गरज वाटत नाही, बडबड वाढते, पैसा उधळला जातो. उदासीनतेच्या काळात अंथरुणातून उठवत नाही, जगणे नकोसे होते. मधल्या काळात बहुतेक रुग्ण कामधंदा करू शकतात. वाचनासाठी हाच काळ चांगला.

पुस्तक निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : लेखक कोण, आवृत्ती केव्हाची आणि औषधांविषयी सल्ला काय. ‘गोळ्या सोडा, आजार मुळापासून घालवू’ असे सांगणारे पुस्तक तिथेच मिटावे.

के रेडफिल्ड जेमिसन या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ. त्यांना स्वतःलाच हा आजार आहे. ‘अॅन अनक्वाएट माइंड’ (१९९५) या आत्मकथनात लिथियम पुन्हापुन्हा सोडल्याची किती किंमत मोजावी लागली, ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. ‘मी बरा झालो, आता गोळ्या कशाला?’ असे वाटणाऱ्याने हे अवश्य वाचावे. डेव्हिड मिक्लोविट्झ यांचे ‘द बायपोलर डिसऑर्डर सर्व्हायव्हल गाइड’ हे रोजच्या व्यवहारासाठी उपयोगी आहे. झोपेची वेळ पाळणे, आजार उलटण्याच्या पूर्वखुणा ओळखणे, घरच्यांनी कसे वागावे, हे त्यात सापडते. जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) ही मुंबईतील कुटुंबाची कादंबरी असून, आईच्या आजारात मुलांच्या मनाचे काय होते ते ती दाखवते. शांता गोखले यांनी ती मराठीत आणली आहे.

इंग्रजी पुस्तक जड वाटल्यास घरातील कुणी वाचून मराठीत समजावून सांगावे. न समजलेला मजकूर वहीत लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावा. मात्र पुस्तक वाचून गोळ्यांचे प्रमाण बदलू नये.

रुग्ण मरणाची भाषा बोलू लागला, तर पुस्तक बाजूला ठेवावे. त्याला एकटे सोडू नये आणि ताबडतोब डॉक्टर गाठावा. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक घरात सर्वांना ठाऊक असावा.