पदवीनंतरची सहल: पर्यटन प्रदर्शनात जाण्याआधी आणि गेल्यावर

पर्यटन प्रदर्शनातल्या कुठल्याही स्टॉलवर पहिला प्रश्न येतो, ‘कधी निघायचंय?’ पदवीच्या शेवटच्या वर्षाचा ग्रुप इथेच अडखळतो. काश्मीर की केरळ यावर महिनाभर वाद घालून झालेला असतो, पण प्रोजेक्टची तोंडी परीक्षा कधी, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून तारखा लिहून काढाव्यात. निम्मं काम तिथेच होतं.

आधी तारखा

आपल्याकडे पदवीदान समारंभ निकालानंतर बऱ्याच महिन्यांनी होतो. तोवर कुणी बंगळुरूला नोकरीला लागलेलं असतं, कुणी परदेशी गेलेलं असतं. तेव्हा सहल समारंभाला जोडू नका. शेवटचा पेपर आणि पुढच्या धावपळीची सुरुवात यांच्या मधे ती बसवा. ही धावपळ प्रत्येकाची वेगळी असते: एकाची सीईटी, दुसऱ्याच्या कॅप राउंडची कागदपत्रं, तिसऱ्याचं जॉइनिंग. सगळ्यांना मोकळे असे आठ-दहा दिवस सापडले तरी पुष्कळ.

जपानमध्ये अशा सहलीला ‘सोत्सुग्यो र्योको’ असं नावच आहे. तिथे शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये संपतं आणि बहुतेक नोकऱ्या १ एप्रिलला सुरू होतात, म्हणून फेब्रुवारी-मार्च हा या सहलींचा ठरलेला काळ. आपली मोकळीक इतकी नेमकी नसते, ती शोधावी लागते.

मग पैसे

बजेट ठरवताना एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. प्रत्येकाने आपल्याला परवडेल तो आकडा नाव न घालता चिठ्ठीवर लिहावा आणि सर्वांत लहान आकडा हेच ग्रुपचं बजेट मानावं. नाहीतर ज्याला जमणार नाही तो ‘मला घरी काम आहे’ म्हणून गळतो, आणि ते खरं कारण नव्हतं हे मित्रांना फार उशिरा कळतं. ही कदाचित सगळ्यांनी मिळून केलेली शेवटची सहल असेल. त्यात कुणी पैशापायी मागे राहू नये.

प्रदर्शनात फिरताना

काही प्रदर्शनं मुख्यतः हॉटेलवाले आणि ट्रॅव्हल एजंट यांच्या आपापसातल्या व्यवहारासाठी भरतात. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भरणारं ओटीएम हे त्यातलं मोठं नाव. अशा ठिकाणी सर्वसामान्यांना प्रवेश आहे का, हे निघण्याआधी पाहून घ्यावं.

आत गेल्यावर आधी राज्यांच्या पर्यटन महामंडळांचे स्टॉल गाठा. आपलं एमटीडीसी, केरळचं केटीडीसी, उत्तराखंडमधली गढवाल आणि कुमाऊँ मंडळ विकास निगम यांची स्वतःची निवासस्थानं आहेत. तिथे नकाशा मिळतो, दर कळतात आणि कुठला रस्ता कधी बंद असतो तेही विचारता येतं. खाजगी कंपन्यांकडे त्यानंतर जा, म्हणजे समोरचा काय सांगतोय ते पारखता येईल.

फलकावरची किंमत नीट वाचा. ती बहुधा दोघांनी एक खोली घेतली तर माणशी किती, अशी असते. सातजणांचा ग्रुप असेल तर सातव्याचं काय? तिघांत एक खोली मिळेल का, जादा गादीचे किती, जीएसटी धरलाय का, हे विचारा. ‘दिल्ली ते दिल्ली’ असं लिहिलं असेल तर मुंबई-दिल्ली जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. हिशेब घरून निघून घरी परतेपर्यंतचा धरायचा.

मोसम आणि तिकीट

मे महिन्यात शाळांना सुट्टी, त्यामुळे सगळीकडे गर्दी आणि दर चढे. पेपर मेअखेरीस संपत असतील तर कोकणचा बेत जपून करा. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. जून महिन्यासाठी लडाख किंवा स्पिती उत्तम, कारण हे प्रदेश पर्जन्यछायेत येतात. मात्र लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस विश्रांतीचे धरा. ते दोन दिवस वाचवून पहिल्याच सकाळी खारदुंग ला ही उंच खिंड दाखवणारं पॅकेज कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुरू व्हायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे २० मेच्या गाडीचं तिकीट २१ मार्चला निघतं, आणि तेव्हा परीक्षेचं वेळापत्रक पक्कं असेलच असं नाही.

आगाऊ रक्कम भरण्याआधी

‘आज बुक केलंत तरच ही सूट’ हे वाक्य ऐकू आलं की कोटेशन लेखी मागा आणि घरी या. परीक्षा पुढे ढकलली जाणं आपल्याकडे नवीन नाही, म्हणून रद्द केल्यास किती दिवस आधी किती पैसे कापतात यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा: तारीख बदलून मिळेल का, आणि कितीला? उत्तर कागदावर घ्या. पैसे भरा ते कंपनीच्या खात्यात, पावती घेऊन.

आई-बाबा समारंभाला जाणार असतील तर

मुलगी अमेरिकेत शिकत असेल तर गणित उलटं होतं, कारण तिथे सहल समारंभालाच जोडायची असते. बऱ्याच अमेरिकी विद्यापीठांचे समारंभ मे महिन्यात असतात. पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच कित्येक महिने लागू शकतात, म्हणून अर्ज आधीच्या वर्षीच करावा. समारंभाच्या आठवड्यात विद्यापीठाच्या गावातली हॉटेलं भरलेली असतात. समारंभाच्या दोन रात्री तिथे काढून नायगारा वगैरे नंतर ठेवा. एका विद्यार्थ्यामागे किती जणांना प्रवेश, हे मुलीला विचारून मगच मावशी-काकांची तिकिटं काढा.

आणि चिठ्ठीवरचा आकडा फारच लहान निघाला तर

प्रदर्शनातून सरळ एसटी स्टँडवर जा. ‘आवडेल तेथे प्रवास’ या योजनेचा चार किंवा सात दिवसांचा पास काढला की त्या मुदतीत कुठल्याही गावची एसटी पकडता येते. दुपारी औंढा नागनाथला जावंसं वाटलं तर जायचं. वेरूळला एक दिवस कमी पडला तर दुसऱ्या दिवशीही थांबायचं.