कल्ले बघून सुशी पारखता येत नाही

मासळी बाजारात आपली नजर तयार असते. कल्ला उचकटून आत लाल आहे का बघायचं, डोळा फुगीर आणि चकचकीत आहे का बघायचं, पाठीवर बोट दाबून खड्डा लगेच भरतो का तेही बघायचं आणि मग भावावरून हुज्जत घालायची. सुशीच्या रेस्टॉरंटात ही सगळी विद्या निकामी ठरते. तिथे काचेच्या पेटीत कातडी काढलेले, आखून कापलेले तुकडे असतात. ना कल्ले, ना डोळे. बोट लावायची तर सोयच नाही. मग पुण्यात असो की न्यू जर्सीत, माणूस ऐकीव गोष्टींवर विसंबतो. त्यातल्या बऱ्याच चुकीच्या असतात.

‘सकाळी पकडला, दुपारी ताटात, तीच खरी सुशी’

हा सगळ्यांत चिवट गैरसमज, कारण आपल्या कालवणाच्या बाबतीत तो खराच आहे. कच्च्या माशाचं गणित वेगळं. मासा मेल्यावर काही तासांत ताठरतो, आणि त्या अवस्थेत तो चावायला करकरीत पण चवीला बेताचाच असतो. स्नायूंमधलं एटीपी हे ऊर्जाद्रव्य मग तुटत जातं आणि त्यातून इनोसिनिक आम्ल तयार होतं. माशाच्या ‘उमामी’ चवीचा मोठा वाटा या आम्लाचा. कोदामा शिंतारो या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १९१३ मध्ये कात्सुओबुशीत, म्हणजे धुरी देऊन सुकवलेल्या बोनिटो माशात, ते ओळखलं. पुढे या आम्लाचंही विघटन होतं आणि मासा कडवट लागायला लागतो. म्हणजे प्रत्येक माशाची एक ऐन वेळ असते. बांगड्याएवढ्या आजी माशाची ती लवकर येऊन जाते. अवाढव्य ब्लूफिन ट्यूना मात्र काही दिवस, कधी आठवडाभरही, थंड जागी मुरू देतात. जपानी संशोधकांनी या विघटनाचं मापही ठरवलं आहे, त्याला ‘के-मूल्य’ म्हणतात. ते साधारण २० टक्क्यांच्या आत असेल तर मासा कच्चा खाण्यासारखा समजतात.

मासा मारला कसा, यालाही तेवढंच महत्त्व. तडफडत मेलेल्या माशातलं एटीपी तडफडण्यातच संपतं. म्हणून ‘इकेजिमे’ पद्धतीत मेंदूत टोचून माशाला क्षणात मारतात आणि लगेच रक्त काढून टाकतात. काही जण पाठीच्या कण्यातून तार घालून मज्जारज्जूही नष्ट करतात. मासा उशिरा ताठरतो आणि मांस स्वच्छ राहतं. असा दोन दिवसांपूर्वीचा मासा आज जाळ्यात गुदमरून मेलेल्या माशापेक्षा सरस असू शकतो.

इतिहासही हेच सांगतो. आज आपण जिला सुशी म्हणतो ती हातानं वळलेली निगिरी एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, १८२० च्या दशकात रुळली. तिचं श्रेय सहसा हानाया योहेई याला देतात. बर्फ नव्हता, फ्रिज नव्हता. ट्यूना सोया सॉसमध्ये मुरवायचे, कोहादा हा लहान चंदेरी मासा मीठ लावून व्हिनेगरमध्ये ठेवायचे, आनागो ही समुद्री वाम शिजवायचे. माशावर काहीतरी संस्कार करूनच तो भातावर यायचा. गंमत म्हणजे आज ट्यूनाच्या पोटाकडच्या ज्या चरबीदार तोरोसाठी लोक खिसा रिकामा करतात, तो तेव्हा टाकाऊ समजला जाई, कारण तो टिकत नसे आणि मुरवणीत नीट मुरतही नसे.

‘गोठवलेला म्हणजे शिळा’

“आमच्याकडे फ्रोझन काही नसतं,” असं कुणी अभिमानानं सांगितलं तर मी उलट सावध होईन. अनेक समुद्री माशांत अनिसाकिस नावाच्या कृमीच्या अळ्या असतात. पोटात गेल्या तर असह्य कळा येऊ शकतात. वासाबी, व्हिनेगर, सोया सॉस यांपैकी कशालाही त्या भीक घालत नाहीत. त्या मरतात शिजवल्यानं किंवा नीट गोठवल्यानं. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या निकषानुसार कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ ला पूर्ण गोठल्यावर त्याच तापमानाला १५ तास ठेवावा लागतो. ट्यूनाच्या मोठ्या जातींना यातून सूट आहे. घरच्या फ्रीझरवर हा प्रयोग करू नये. तो एवढा थंड नसतो आणि गोठवतोही सावकाश.

चवीचं म्हणाल, तर दूरच्या समुद्रात जाणाऱ्या जपानी ट्यूना बोटींवर मासा पकडल्या पकडल्या उणे ६० अंशांपर्यंत गोठवतात. एवढ्या थंडीत मांस महिनोन्महिने जवळपास आहे तसं राहतं. खराबी होते ती गोठवताना दिरंगाई झाली तर, किंवा बर्फ घाईघाईत उतरवला तर. बशीत पाणी सुटलेला, भुसभुशीत तुकडा आला की समजावं, इथे हेच झालं आहे.

पाकिटावरच्या ‘सुशी ग्रेड’ या शिक्क्यालाही फार भुलू नये. अमेरिकेत या शब्दांना कायदेशीर व्याख्या नाही. विक्रेत्याला योग्य वाटलं की तो चिकटवतो.

सॅमनची गोष्ट इथेच सांगायला हवी. जपानी लोक रानटी सॅमन खारवून, भाजून खात. कृमींमुळे कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेनं आपला समुद्रातल्या पिंजऱ्यांत पाळलेला सॅमन खपवण्यासाठी जपानमध्ये मोहीम काढली आणि काही वर्षांत तो सुशीच्या काउंटरवर आला. कोरड्या खाद्यावर वाढलेल्या त्या माशात कृमींचा धोका अगदी कमी असतो. आपल्याकडे रावसाला बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणतात म्हणून तो घरी आणून कच्चा कापायचा विचार मात्र सोडून द्यावा. रावसाचा सॅमनशी काही संबंध नाही, कुळही वेगळं. आणि गोड्या पाण्यातला मासा तर कच्चा खाऊच नये, त्यातले कृमी आणखी वाईट.

‘लालभडक ट्यूना ताजा’

ट्यूनाचा, म्हणजे आपल्याकडच्या कुप्याच्या भाईबंदांचा, तुकडा हवेत राहिला की तपकिरी पडतो. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी मांसाला कार्बन मोनॉक्साइड देतात. मग ते जुनं झालं तरी कलिंगडासारखं लालगुलाबी दिसत राहतं. जपान आणि युरोपीय संघात याला बंदी आहे, अमेरिकेत परवानगी. खऱ्या ट्यूनाचा लाल रंग जरा गडद आणि एकाच तुकड्यात कमीजास्त असतो.

‘मेनू जितका लांब, तितकी माशांची विविधता’

साठ रोलची यादी नीट वाचा. बहुतेक वेळा त्यात सॅमन, ट्यूना, कोळंबी आणि खेकड्याच्या नावाखालची सुरिमीची, म्हणजे माशाच्या लगद्याची, कांडी एवढंच निघतं. बाकी सगळं मेयोनेज आणि कुरकुरीत चुरा. खरी विविधता वेगवेगळ्या जातकुळीच्या माशांत असते: ताई किंवा हिरामेसारखे पांढरे मासे, आजी, साबा, कोहादा हे चमकत्या कातडीचे, शिवाय शिंपले, माकूल, अंडी. ती ऋतूप्रमाणे बदलतेही. बुरी थंडीत चरबी धरतो, कात्सुओ वसंतात एकदा आणि शरदात पुन्हा येतो. म्हणून छापील मेनूपेक्षा भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेली चार नावं जास्त आश्वासक. ती दोन महिन्यांनीही तीच असतील, तर फळा फक्त शोभेचा.

नावांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही हेही खरं. ओशियाना या संस्थेनं २०१३ साली अमेरिकेतल्या माशांची डीएनए तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा सुशीच्या दुकानांतले ७४ टक्के नमुने भलत्याच नावानं विकलेले निघाले. ‘व्हाइट ट्यूना’ म्हणून बहुतेक ठिकाणी एस्कोलार दिला जात होता. या माशातलं मेणासारखं तेल आपल्याला पचत नाही आणि पोट बेक्कार बिघडतं; जपाननं त्याच्या विक्रीवर १९७७ पासून बंदी घातली आहे. मेनूवर ‘व्हाइट ट्यूना’ दिसला तर तो नक्की कोणता मासा, एवढं तरी विचारावं.

काही किरकोळ समज

‘सोमवारी मासा खाऊ नये’ हे शेफ आणि लेखक अँथनी बूर्डेन यांच्या १९९९ च्या लेखामुळे जगभर पसरलं. ते त्या वेळच्या न्यूयॉर्कच्या पुरवठ्याबद्दल होतं आणि पुढे त्यांनी स्वतःच ते मागे घेतलं. तोक्योचा तोयोसु बाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, तेव्हा वाराची चौकशी करायचीच तर आपल्या दुकानाचा माल कुठून आणि कोणत्या दिवशी येतो हे विचारा. ‘पावसाळ्यात मुंबईत सुशी नको’ हाही असाच समज. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, पण सुशीचा सॅमन काही ससून डॉकला उतरत नाही.

‘सुशी म्हणजे कच्चा मासा’ म्हणणाऱ्यांनी भाताकडे लक्ष द्यावं. व्हिनेगर घातलेला तो भात नसेल तर ती साशिमी. चांगल्या ठिकाणी भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो आणि तोंडात सुटा होतो. गारढोण, घट्ट गोळा आला तर वरचा मासा कितीही भारी असून फुकट. गरोदर बायकांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना डॉक्टर कच्चा मासा टाळायला सांगतात. त्यांना शिजवलेली आनागो, उकडलेली कोळंबी किंवा तामागो, म्हणजे अंड्याची गोडसर वडी, मागवता येते. तामागो मी नेहमीच मागवतो. ती दुकानात केलेली आहे की पाकिटातली, हे एका घासात कळतं, आणि जो अंड्याला वेळ देतो तो माशालाही देत असावा असा माझा ठोकताळा आहे. बरोबर कुणी शाकाहारी असेल तर काकडीची कप्पा-माकी ठीक. गोड तोफूच्या पिशवीतली इनारी मात्र विचारून घ्या, कारण ती शिजवायच्या पाण्यात बहुधा कात्सुओबुशी असते.