विस्क्री : बांधणारे गेले, शाकारणारे राहिले

ट्रान्सिल्व्हानिया म्हटले की आपल्याला ड्रॅक्युला आठवतो. रुमानियाच्या याच प्रदेशात, ब्राशोव्ह जिल्ह्यातल्या टेकड्यांच्या कुशीत, विस्क्री नावाचे चिमुकले खेडे आहे. वस्ती चारशे-साडेचारशेच्या आसपास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या-हिरव्या रंगांची कौलारू घरे. प्रत्येक घराला भक्कम मोठे दार, आत अंगण आणि मागे धान्याचे कोठार. संध्याकाळी गुरे चरून परतली की आपापले दार ओळखून आत शिरतात. गावाच्या माथ्यावर तटबुरुजांनी वेढलेले पांढरे चर्च आहे. गावाच्या जर्मन नावाचा अर्थही तोच : जर्मनांचे पांढरे चर्च.

रुमानियातल्या खेड्याला जर्मन नाव कसे? बाराव्या शतकात हा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. राजा दुसरा गेझा याने सीमा राखण्यासाठी आणि जमीन लागवडीखाली आणण्यासाठी पश्चिमेकडून शेतकरी व कारागीर बोलावले. त्यांना सॅक्सन म्हणत. 1224 मध्ये त्यांना सनद मिळाली. 1241 मध्ये मंगोल आले, पुढे तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. तेव्हा या लोकांनी चर्चलाच गढीचे रूप दिले. धान्य आणि खारवलेले मांस तटाआड ठेवण्याची रीत पडली. घर बांधणे असो वा मयत, शेजारच्या घरांनी मिळून ते पार पाडायचे, असा रिवाज होता. त्यासाठी प्रत्येक आळीची रीतसर संघटना असे.

आठशे वर्षे टिकलेली ही घडी विसाव्या शतकात विस्कटली. 1945 च्या जानेवारीत रुमानियातल्या सुमारे सत्तर हजार जर्मनांना सक्तमजुरीसाठी सोव्हिएत संघात नेण्यात आले. पुढे चाउशेस्कूच्या राजवटीने निराळाच व्यवहार आरंभला. 1967 ते 1989 या काळात पश्चिम जर्मनीने पैसे मोजून सुमारे सव्वादोन लाख जर्मनांना सोडवून नेले. रक्कम शंभर कोटी मार्कांच्या वर गेली. आरंभीच्या करारांत शिक्षणानुसार दर ठरलेले होते. पदवीधराचा दर 11 हजार मार्क!

माझे आयुष्य बँकेत गेले. तारण, मूल्यांकन, वसुली हे शब्द रोजचेच. पण माणसाचेच मूल्यांकन करून त्याला निर्यात करणारी खतावणी वाचताना अंगावर काटा येतो. 1989 मध्ये चाउशेस्कूने देशाचे परकीय कर्ज फेडल्याचे जाहीर केले. त्याच डिसेंबरात त्याची राजवट कोसळली. सरहद्द खुली होताच, 1990 या एका वर्षात, एक लाखाहून अधिक जर्मन देश सोडून गेले. 1930 च्या जनगणनेत रुमानियात जर्मनांची संख्या साडेसात लाखांच्या घरात होती. 2021 मध्ये ती तेवीस हजारांच्या आसपास उरली.

विस्क्रीतही मोजकेच सॅक्सन मागे राहिले. आज गावात बहुसंख्य आहेत ते रुमानियन आणि रोमा. रोमा समाज तर या देशात शतकानुशतके गुलामगिरीत आणि नंतर गावकुसाबाहेर राहिलेला. आता गाव सांभाळणे त्यांच्याही हाती आले. 1999 मध्ये युनेस्कोने विस्क्रीचा जागतिक वारशात समावेश केला. मिहाई एमिनेस्कू न्यासाने स्थानिक माणसांना गवंडीकाम व सुतारकाम शिकवले, जुनी घरे जुन्याच पद्धतीने दुरुस्त केली. बायका लोकरीचे मोजे विणून विकतात. 2006 मध्ये इंग्लंडच्या युवराज चार्ल्स यांनी, म्हणजे आजच्या राजांनी, इथे घर घेतले आणि पाहुण्यांची वर्दळ वाढली.

हे सारे चांगलेच. पण रुमानियातला तरुण आजही कामासाठी पश्चिमेकडे धाव घेतो. नटवलेले घर पाहुण्यांना रात्रभर भाड्याने देता येते. त्यात वर्षभर चूल पेटती राहण्यासाठी गावातच पोटाची सोय लागते. विस्क्रीचा खरा प्रश्न हाच आहे. युनेस्कोचा शिक्का त्याचे उत्तर देऊ शकत नाही. बांधणारा गेला म्हणून घर लगेच पडत नाही. दरसाल शाकारणारा कोणी उरला नाही, की ते पडते.