उमेदवारी कोणत्या पायरीवर?

१९७३ सालच्या जून महिन्याच्या २७ तारखेस, अमेरिकेतील टेक्सस राज्यात आर्लिंग्टन येथील बेसबॉलच्या मैदानावर पस्तीस हजारांहून अधिक प्रेक्षक ज्या अठरा वर्षांच्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, पाहण्यासाठी लोटले होते, त्या डेव्हिड क्लाइडने आपल्या शाळेतर्फे अखेरचा सामना खेळल्याला पुरता महिनाही झालेला नव्हता. त्याचा टेक्सस रेंजर्स हा संघ त्या काळी पराभवांनी आणि रिकाम्या खुर्च्यांनी जर्जर झालेला. त्यामुळे पोराने सामना जिंकला आणि मालकाचा गल्लाही भरला, तेव्हा दोन सामन्यांनंतर त्याला पुढील शिक्षणासाठी खालच्या लीगमध्ये धाडण्याचा मूळ बेत आपोआपच बासनात गेला. पुढे दुखापतींनीही त्याला गाठले, आणि १८ विजय व ३३ पराभव एवढ्या शिदोरीवर, वयाच्या चोविसाव्या वर्षीच, मेजर लीग या सर्वोच्च लीगचे दार त्याला बंद झाले.

ज्या पायऱ्या क्लाइडला चढू दिल्या गेल्या नाहीत, त्यांची रचना मुळात मोठ्या विचाराने झालेली आहे. खेळाडू बाजारातून चढ्या भावाने विकत घेण्यापेक्षा आपल्याच पदरच्या लहान संघांत ते वाढवावेत, ही कल्पना ब्रँच रिकी या चतुर कारभाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्स संघासाठी रुजवली. आज मेजर लीगच्या तीसही संघांच्या पदरी सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए या चढत्या दर्जाचे प्रत्येकी चार, म्हणजे एकंदर १२० संघ असून, त्यांच्याही खाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डोमिनिकन रिपब्लिक येथे अगदी नवशिक्यांच्या लीग चालतात.

उमेदवाराची नेमणूक यांपैकी कोणत्या इयत्तेत करावी, हे ठरवताना प्रथम नजरेत भरते ते वय. परंतु केवळ वयावर निर्णय सोपवता येत नाही. आपल्या उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग हा भालाफेकपटू २००८ साली पिचर शोधण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेत जिंकून पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेला, तेव्हा त्याच्या बाहूत बळ होते आणि वयही विशीचे होते. पण खेळाशी त्याची ओळखच नुकती झालेली असल्याने त्याचा श्रीगणेशा नवशिक्यांच्याच लीगमध्ये झाला, आणि तेच न्याय्य होते.

दुसरा निकष आकड्यांचा. आणि तो तर अधिकच फसवा. समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फुटांवरील आल्बुकर्क येथे विरळ हवेमुळे चेंडू लांबवर जातो आणि साधारण फलंदाजही पराक्रमी भासतो. म्हणून जाणता परीक्षक धावांच्या बेरजेपेक्षा निराळा तपशील तपासतो: मुलगा स्ट्राइक झोनबाहेरचा चेंडू सोडून देतो का, कितीदा तीन स्ट्राइकवर बाद होतो, आणि एकदा ज्या युक्तीला बळी पडला तिलाच पुन्हा बळी पडतो का.

या दृष्टीने खरी चाळण डबल-ए ही होय. खालच्या इयत्तांत निव्वळ वेगवान चेंडूवर निभावून नेणारा पिचर आणि त्या वेगावरच पोसलेला फलंदाज, दोघांचेही पितळ येथे उघडे पडते. कारण येथील पिचर अडचणीत असतानाही वळणारा चेंडू नेमका हव्या त्या जागी टाकू शकतो. त्यापुढील ट्रिपल-ए ही केवळ एक इयत्ता नसून पुष्कळ अंशी प्रतीक्षालय आहे: मेजर लीगमधून परत आलेले, तेथे जाण्याच्या आशेवर दिवस काढणारे आणि उमेद सरत चाललेले मुरब्बी खेळाडू तेथे एकत्र नांदतात, आणि त्यांचा कावेबाजपणा हाच तेथील पाठ्यक्रम असतो.

तरीही शेवटची पायरी सर्वांत उंच असते. बाल्टिमोर ओरिओल्सचा जॅक्सन हॉलिडे २०२३ च्या एकाच हंगामात, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, चारही दर्जे ओलांडून गेला. आणि एप्रिल २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये येताच ३४ प्रयत्नांत त्याला दोनच हिट साधल्या. संघाने त्याला त्याच महिन्यात ट्रिपल-एमध्ये परत पाठवले. जुलैअखेर तो परतला आणि पहिल्याच सामन्यात तिन्ही बेस भरलेले असताना त्याने होम रन ठोकला.

अशी पदावनती मनाला किती झोंबते, हे मिकी मँटलच्या आठवणीवरून कळते. १९५१ साली यांकीज संघाने त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कॅन्सस सिटीच्या खालच्या दर्जाच्या संघात धाडले, तेव्हा ‘माझ्याने हे होणार नाही’ म्हणून त्याने वडिलांना कळवले. ओक्लाहोमाच्या खाणीत राबणारे ते वडील आले, आणि सांत्वनाचा एक शब्दही न उच्चारता, तूही मग खाणीतच चल, असे म्हणून त्याचे सामान भरू लागले. मँटल थांबला, कॅन्सस सिटीच्या चाळीस सामन्यांत .३६१ च्या सरासरीने खेळला आणि ऑगस्टमध्ये यांकीजकडे परतला.

तेव्हा योग्य पायरी ती, जेथे उमेदवार रोज थोडा हरतो, पण का हरलो हे त्याला उमगते. जेथे तो हरतच नाही तेथून त्याला तत्काळ वर काढावे, आणि जेथे पराभवाचे कारणच त्याला कळेनासे होते तेथून, गल्ल्याची पर्वा न करता, एक पायरी खाली आणावे.