रोमन पदातींचे व्यूह आणि संगणकावरील युद्धखेळ

प्राचीन रोमन सैन्याचा परिचय आजच्या विद्यार्थ्यास ग्रंथांप्रमाणेच संगणकावरील युद्धखेळांतूनही होतो. क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश संस्थेने तयार केलेला व २००४ साली प्रसिद्ध झालेला 'रोम : टोटल वॉर' हा अशा खेळांपैकी एक प्रमुख खेळ होय. त्यात खेळाडू सेनापतीच्या स्थानी असतो. पथके कोठे उभी करावीत व केव्हा पुढे धाडावीत, हे तोच ठरवितो. मूळ व्यूहातील काय या खेळात टिकते आणि काय गळते, हे पाहणे उद्बोधक आहे. कारण जे गळते त्यातच पुष्कळदा व्यूहाचे मर्म असते.

इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस याच्या वर्णनानुसार लीजनमध्ये सामान्यतः ४,२०० पदाती असत. पहिल्या रांगेत १,२०० हस्ताती, दुसरीत १,२०० प्रिन्किपेस व तिसरीत ६०० त्रिआरी. उरलेले हलक्या शस्त्रांचे वेलितेस. प्रत्येक रांगेचे दहा मॅनिपल, म्हणजे तुकड्या, पाडलेले असत. ही नावेही विचार करण्याजोगी आहेत. 'हस्ता' म्हणजे भाला. परंतु पॉलिबिअसच्या काळी हस्तातींच्या हाती फेकावयाचे पीलुम असे, आणि भाला उरला होता तो त्रिआरींकडे. 'प्रिन्किपेस' म्हणजे पहिले. पण ते उभे राहत दुसऱ्या रांगेत. जुन्या व्यवस्थेचा ठसा नावांत राहिला व व्यवस्था मात्र पालटली, असे येथे दिसते.

या त्रिपंक्तीचे सामर्थ्य तिच्यातील मोकळ्या जागांत होते. पुढील रांग थकली म्हणजे ती मागे येई व मागील रांग तिची जागा घेई. ही अदलाबदल प्रत्यक्ष कशी होई, याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. खेळात मात्र चकमकीत गुंतलेले पथक मागे घेतल्यास शत्रू त्याच्या पाठीवर तुटून पडतो आणि ते उधळण्याचा संभव असतो. म्हणून अनुभवी खेळाडू त्रिआरींना राखीव न ठेवता घोडदळाच्या प्रतिकारासाठी बगलेस उभे करतो. खेळाच्या नियमांत ही चाल उचितच ठरते. परंतु तीवरून रोमन युद्धपद्धतीचे अनुमान काढणे युक्त नव्हे. झामा येथे इ. स. पू. २०२ मध्ये स्किपिओने मॅनिपल एकामागे एक ठेवून हॅनिबलच्या हत्तींना वाटा मोकळ्या सोडल्या. मोकळी जागा हेही शस्त्र होऊ शकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

'टेस्टुडो', म्हणजे कासव, या व्यूहाची गोष्ट निराळी आहे. ढाली पुढे व डोक्यावर जुळवून केलेली ही रचना खेळात बाणांपासून संरक्षण देते आणि गती मंद करते. येथपर्यंत ती मूळाशी जुळते. अँटनीच्या इ. स. पू. ३६ मधील पार्थियन मोहिमेचे वर्णन करताना प्लूटार्क सांगतो की, गुडघे टेकलेले रोमन थकले आहेत असे समजून पार्थियनांनी धनुष्ये बाजूस ठेवली व ते जवळ आले. तोच रोमन एकदम उठून त्यांच्यावर तुटून पडले. कासवाची उपयुक्तता योग्य क्षणी ते मोडण्यात होती, हा धडा खेळाडूसही उपयोगी पडेल.

सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती 'मारिअसच्या सुधारणां'विषयी. खेळात इटलीतील एखाद्या नगरात सर्वोच्च दर्जाचा राजप्रासाद उभा राहताच ही घटना घडते. हस्ताती व प्रिन्किपेस यांची भरती बंद होऊन कोहॉर्टचे युग सुरू होते. वस्तुतः मारिअसने इ. स. पू. १०७ मध्ये निर्धनांना सैन्यात घेतले, एवढे सॅलस्ट नोंदवितो. बाकीचे बदल हळूहळू झाले असावेत, असे अलीकडील अनेक इतिहासकार मानतात. खेळास निश्चित क्षण हवा असतो; इतिहासात तो दर वेळी सापडतोच असे नाही.

तात्पर्य, असा खेळ म्हणजे भूतकाळाविषयीच्या गृहीतकांची चालती मांडणी होय. प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी एक अनुमान असते. ते अनुमान ओळखून पॉलिबिअसच्या शेजारी ठेवून पाहिल्यास खेळ अभ्यासाचे साधन ठरेल. तसे न केल्यास खेळातील सोयच इतिहास म्हणून रूढ होईल.