रविवारची बेगमी

मे महिना सरत आला, की हर्णे बंदराच्या आसपासची अंगणे वाळवणांनी भरून जातात. एकीकडे सुकट आणि जवळा, दुसरीकडे आमसुले, मधल्या जागेत पापड-सांडगे, आणि या सर्वांवर कावळे हुसकावण्यासाठी बसविलेले एखादे पोर. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. नौका किनाऱ्यावर किंवा खाडीत विसावतात आणि त्यांबरोबर घरात येणारा पैसाही थांबतो. आगोटीपूर्वीची ही तयारी म्हणजे कोकणातील घराची खरी अर्थव्यवस्था होय.

नोकरदार कुटुंबांत अलीकडे रूढ होत असलेली प्रथा याच बेगमीची धाकटी बहीण आहे. नवराबायको दोघेही नोकरीवर. म्हणून रविवारी आठवड्याच्या भाज्या निवडून चिरून ठेवायच्या, खोबऱ्याचे वाटण करून डब्यांत भरायचे, कडधान्ये भिजवून मोड आणायचे, पोळ्यांची कणीकसुद्धा मळून ठेवायची. चार महिन्यांच्या पावसाऐवजी सहा दिवसांच्या कचेरीची ही बेगमी. हर्ण्याहून रोज सकाळी एस.टी.ने दापोलीस जाणाऱ्या शिक्षिकेला तिचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली असे मांडले, की घर हा एक लहानसा कारखानाच असून ताटातले जेवण बाजारातील जिन्नस आणि घरच्यांचा वेळ या दोहोंपासून तयार होते. या दृष्टीने पाहता साठवणीच्या डब्यात केवळ वाटण नसते, वेळही असतो. मंगळवारी सकाळी सात वाजताचे दहा मिनिट फार महाग. रविवारी दुपारचे दहा मिनिट स्वस्त. स्वस्त वेळी काम करून महाग वेळी त्याचे फळ घ्यावे, हा व्यवहार शहाणपणाचाच आहे. मात्र रविवारची दुपार स्वस्त आहे, हे ठरविले कोणी?

येथे जुन्या आणि नव्या बेगमीतला फरक ध्यानात घेतला पाहिजे. जुनी बेगमी अनेक हातांची होती. आज एकीच्या घरचे पापड, उद्या दुसरीच्या, अशी शेजारणींची पाळी लागे. त्या व्यवस्थेत सुनेचा जाच नव्हता असे मी मुळीच म्हणत नाही. पण काम वाटले जाई. या सामुदायिक कौशल्याला बाजारात किंमतही आली. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. गिरणगावात रत्नागिरीकडच्या चाकरमान्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. परक्यासाठी रांधले तेव्हा त्या श्रमाचा हिशेब मांडला गेला.

स्वतःच्या घरासाठी रांधले तर तो कोण मांडतो? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर असे काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे. शिवाय त्यात भाग घेणारे पुरुषच मुळी शंभरांत सव्वीस! अशा घरात आठवड्याचा स्वयंपाक रविवारी ओढून घेतल्याने श्रम वाटले जात नाहीत, त्यांचा वार तेवढा बदलतो. एका नोकरदार स्त्रीची सुट्टी कापून साऱ्या घराची सहा सकाळींची धावपळ वाचविली जाते.

हे मी परोपदेशे पांडित्य म्हणून लिहीत नाही. आमच्याकडेही अनेक वर्षे रविवारी सकाळी मी वर्तमानपत्रातील अग्रलेख वाचीत असे आणि आत विळीवर नारळ खवल्याचा आवाज येत असे. वर्गात राष्ट्रीय उत्पन्नातून गृहिणीचे श्रम कसे वगळले जातात हे शिकविताना तो आवाज मला कधी आठवला नाही. एका रविवारी पत्नीने सहज विचारले, ‘‘आज सुट्टी नक्की कोणाची आहे?’’ ती स्वतः कचेरीत कारकून आहे. उत्तर देणे मला जमले नाही.

फ्रिजमुळे हा प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी ३ जून २०२० आठवावा. ‘निसर्ग’ वादळाने दापोली तालुक्याची किनारपट्टी झोडपली, आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. डब्यांतील वाटणे आंबली. कामास आली ती उन्हात वाळवलेली सुकट, आमसुले आणि डाळ-तांदूळ. यावरून फ्रिज टाकून द्यावा असा अर्थ कोणी काढू नये. शिजविलेला भात आठवडाभर ठेवणे मात्र, वीज असली तरी, धोक्याचेच. त्यापेक्षा निवडणे, भिजविणे, वाटणे एवढेच आधी उरकावे आणि फोडणी रोजची रोज द्यावी.

आणि हर्णे बंदरावर संध्याकाळी लिलावात टोपली घेऊन उभी असलेली कोळीण? नोकरदारांविषयीच्या चर्चेत तिचे नाव येत नाही. पण तिच्याइतकी कामात बुडालेली बाई विरळा. तिचा आठवडा भरती-ओहोटीवर आणि नौका परतण्यावर चालतो, त्यात हक्काचा रविवार नसतो. तिची बेगमी वर्षातून एकदा, मे महिन्याच्या उन्हात, तीही घाऊक. तिला रविवारच्या स्वयंपाकाच्या युक्त्या सांगण्यापेक्षा सुकट वाळवायला पक्के ओटे आणि ती साठवायला कोरडी जागा मिळाली, तर तिचा वेळ अधिक वाचेल.

आमच्या घरी आता रविवारचे नारळ माझ्याकडे आहेत. तीन नारळ खवायला मला पाऊण तास लागतो, पत्नीला वीस मिनिटे पुरत. अग्रलेख दुपारी वाचतो.