वजनदार बाळ, साखरेचा हिशेब

जन्मतः ४ किलोंच्या पुढचं बाळ म्हणजे सुदृढच, हा समज सोडायला हवा. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही; मग बाळाचं स्वादुपिंडच जास्त इन्सुलिन तयार करतं आणि चरबी खांद्यांवर, पोटावर साठते. त्यामुळे डोकं बाहेर येऊनही खांदे अडकू शकतात, जन्मानंतर बाळाची साखर एकदम उतरू शकते. आईबापच धिप्पाड असतील तर? तेही कारण आहेच. आईचा लठ्ठपणा, आधीचं मोठं बाळ, उलटलेली तारीख हीसुद्धा. पण दिवस गेल्यावर यातलं फारसं काही बदलता येत नाही, साखर आटोक्यात ठेवता येते. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पहिल्याच भेटीत, आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करावी.